मार्गशीर्षाचा चंद्र

आबा, कंदील अजून त्याच खुंटीवर आहे.

काचेला तडा. तळाशी रॉकेलचा वाळलेला डाग. वात कधीच संपली. घरात आता वीज आहे, ती गेली तर इन्व्हर्टर आहे. आणि तरीही मार्गशीर्ष लागला, थंडी तापीवरून सरकत सरकत अंगणात येऊन बसली, की माझा हात त्या खुंटीकडे जातो. वात खाली करायला.

नसलेली वात.

३ डिसेंबर १९७१.

मी सात वर्षांचा. दिवस मावळताना अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या विमानतळांवर पाकिस्तानचे बॉम्ब पडले, ही बातमी रेडिओवरून आमच्या गावात पोचली तेव्हा चुली विझत आल्या होत्या. तिकडे मुंबईत खिडक्यांच्या काचांना कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग. आग्र्याला ताजमहालावर कापड ओढलं. आमच्या गावात मालवायला होतं काय? वीज आलीच नव्हती. एक हा कंदील.

तुम्ही खाटेवरून उठलात. वात खाली केलीत. काजव्याएवढी ठेवलीत.

‘आठे कोन येस बॉम टाकाले?’ आजी म्हणाली.

तुम्ही उत्तर दिलं नाही. अंगणात आलात, मान वर केलीत. मी तुमचं धोतर मुठीत धरून शेजारी उभा. पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. निंबामागून चंद्र वर आला होता, आणि वेचायचा राहिलेला कापूस बोंडाबोंडातून, शिवारभर, पार नदीच्या उतारापर्यंत पांढरा पेटला होता.

‘आनि याले कोन मालवी?’

एवढंच म्हणालात. चंद्राकडे बघून.

मार्गशीर्षी पौर्णिमेचा चंद्र आमच्याकडे यात्रेचा. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, लांबलांबून घोडे येतात, धुरळ्यातून पाळणे फिरतात. त्या चंद्राला भ्यावं असं काही असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. तुमचा चंद्र दुसरीकडून आला होता.

कलकत्ता. २० डिसेंबर १९४२ ची रात्र. जपानी विमानं त्या शहरावर पहिल्यांदा आली ती रात्र. तेव्हाही मार्गशीर्षच, शुक्ल पक्ष, पौर्णिमा दोन दिवसांवर. शहरानं सगळे दिवे झाकून घेतले होते. हुगळी झाकता येत नव्हती. चांदण्यात ती एखाद्या रस्त्यासारखी लखलखत होती, आणि त्या रस्त्यानं वरून कुणीही चालत यावं.

खाली तुम्ही होतात. अमळनेरच्या फलाटावर बायकोला आणि रांगत्या पोराला मागे ठेवून गेलेला, कराचीच्या केंद्रात विमानवेधी तोफ शिकलेला, पंचविशीतला एक शेतकरी. विमान हा शब्द तोवर तुम्ही तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेतच ऐकला असेल.

ॲक-ॲक, तुम्ही म्हणायचात. तोफेचं नाव सांगताना तोंडातून तोफेचाच आवाज यायचा.

चाळीस मिलिमीटरची बोफोर्स. स्वीडनच्या लोहारांनी घडवलेली, इंग्रजांनी आणलेली, बंगालच्या चिखलात रोवलेली. चार-चार गोळ्यांची पट्टी वरून भरायची. मिनिटाला १२० गोळे. आणि तोफेच्या दोन अंगांना दोन आसनं, प्रत्येकापुढे फिरवायचं हँडल. एका आसनावरचा गडी नळी डावी-उजवीकडे नेणार. दुसऱ्यावरचा वर-खाली.

तुम्ही वर-खालीचे.

दिशा त्याच्याकडे. उंची तुमच्याकडे.

त्याचं नाव तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ‘जोडीदार’ म्हणायचात. पंजाबातल्या कुठल्याशा गावचा, नमाजी, उसाच्या रसाचा शौकीन. तो दिशा पकडायचा, तुम्ही उंची. आणि त्या दोन्ही जिथे मिळतील तिथे आकाशात एक बिंदू तयार व्हायचा, एका क्षणापुरता, ज्यावर दोघांचाही सारखाच हक्क.

विमान दिसतं तिथे मारायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. दादर ज्वारीच्या शेतात, माळ्यावर उभं राहून, गोफण हातात देऊन. थवा ताटावर उतरायच्या आत दगड थव्याच्या पुढे गेला पाहिजे. रिकाम्या जागी. पाखरू तिथे अजून पोचलेलं नसतं. दगड आधी जाऊन थांबतो.

‘कराचीले मास्तर हाईच सांगे,’ तुम्ही म्हणालात. आणि हसलात. तुमचं हसणं मला तेवढं एकदाच आठवतं.

रिकाम्या जागेवर नेम धरणं. आयुष्यभर तुमचा हात त्यातून सुटला नाही. संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या उजवा हात हवेत गोल फिरायचा, सावकाश, थांबत, पुन्हा. आजीला वाटे माश्या वारताहेत. मला वाटे विहिरीचा रहाट. कितीतरी वर्षांनी कळलं, तुम्ही उंची धरत होतात.

आता मी धरतो. तुम्ही असाल त्या जागी. शब्द पुढे पाठवतो आणि थांबतो.

न लागलेल्या गोळ्याचं काय व्हायचं, मी विचारलं होतं. तो खाली शहरावर पडू नये म्हणून त्याच्या पोटातच सोय असते; काही सेकंद उजेडाची रेघ ओढत वर जातो, आणि काही सापडलं नाही तर तिथेच, आकाशातच, स्वतःला फोडून घेतो. एक ठिणगी. मग काळोख जसा होता तसा.

लळिंगच्या किल्ल्याला अजून बुरूज आहेत. वाटेनं जाणारा धुळ्याकडे वळताना मान उचलून बघतो, इथे कुणीतरी काहीतरी राखलं होतं, एवढं त्याला कळतं. तुम्ही राखलेल्या गोष्टीला भिंत नव्हती. आकाश राखलंत. सकाळी ते कोरं. धुराची फुलं वाऱ्यानं नेली, गोळ्यांच्या कपच्या पोरांनी रस्त्यावरून वेचल्या, आणि ज्या घरावर बॉम्ब पडला नाही त्या घरातल्या माणसाला कधीच कळलं नाही की त्याचं घर वाचलं आहे. तो उठला, त्यानं दात घासले, बाजारात गेला, म्हातारा झाला, आणि हे सगळं त्याच्या पाठीमागे कुण्या खान्देशी माणसाच्या मनगटाचा अर्धा फेरा उभा असताना, जो त्यानं पाहिला नाही, ज्याची कुठे नोंद नाही, ज्याचा आवाज त्या माणसाच्या झोपेत दूरच्या मेघगर्जनेसारखा मिसळून गेला आणि मारणाऱ्याच्या डाव्या कानात मात्र कायमची शांतता ठेवून गेला.

डावा कान. त्या बाजूनं हाक मारली की तुम्ही वळत नव्हतात.

पण विमान तुम्हाला आमच्या आधी ऐकू यायचं. कसं, कोण जाणे.

१९४३ च्या फेब्रुवारीत हावडा पूल वाहतुकीला खुला झाला. समारंभ नाही. वरून कुणी बघेल या भीतीनं. एवढा मोठा पूल, अंधारात चोरपावलांनी जन्मलेला. तुम्ही तो पाहिला होतात. ‘न्हानसा दिवा बी नई,’ म्हणायचात.

आणि त्याच वर्षी खाली माणसं पडू लागली.

वरून काही पडलं नाही तरी पडू लागली. बंगालच्या खेड्यांतून चालत आलेली, फुटपाथावर, दारांशी, हातात मातीचं भांडं. फ्यान दाओ. भात नको, भाताची पेज तरी द्या. तुम्हाला बंगाली एवढंच यायचं. हे दोन शब्द. तुमचे डोळे वर आणि कान खाली. कान तेव्हा दोन्ही चांगले होते का, आबा? मी कधी विचारलं नाही.

आपल्याकडे भात सणावाराला, पाहुण्यापुरता. रोज भाकर, कधी कळण्याची, कधी दादरची. पण ज्या दिवशी भात शिजे त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी येऊन बसायचात. आजीनं पेज निथळली की वाडगा पुढे करायचात. मीठ घालून, उभ्यानं, एका दमात प्यायचात. एक थेंब मोरीत जाऊ दिला नाहीत. आम्ही पोरं म्हणायचो, आबांना पेज आवडते.

आवडते!

बंगालातल्या त्या भुकेच्या आदल्याच वर्षी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या चौकात शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. तुमच्या अंगावर त्याच सरकारची खाकी. ही बातमी तुम्हाला तिकडे कोणत्या पत्रानं पोचली, पोचली तेव्हा तुम्ही आसनावर होतात की तंबूत, जोडीदाराला काय सांगितलंत? घरी परतल्यावर ती खाकी तुम्ही ट्रंकेत ठेवलीत आणि पुन्हा काढली नाहीत. स्वातंत्र्यदिनाला शाळेच्या पटांगणात तुम्ही मागच्या रांगेत, टोपी हातात धरून उभे. झेंडा वर चढताना सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. तुमची सर्वांच्या आधी, सर्वांत उंच.

मला तो तुमचा गळा दिसतो. वर ताणलेला. त्यावर सकाळचं ऊन.

युद्ध संपलं तशा बऱ्याचशा विमानवेधी पलटणी मोडल्या गेल्या. उरलं ते १९४७ साली दोन देशांत वाटलं गेलं. तोफा मोजल्या, गाड्या मोजल्या, माणसं मोजली. कराचीचं केंद्र पलीकडे राहिलं. इकडच्यांची विमानवेधी विद्या देवळालीला आली, तोफखान्याच्या शाळेत.

तोफ कशी वाटतात, आबा? दोन आसनांच्या मधून?

त्या १९७१ च्या रात्री तुम्ही अंगणात किती वेळ उभे होतात! आजी दोनदा बोलवून गेली. मला वाटलं, तुम्ही येणारी विमानं शोधताय. आज त्या वेळच्या तुमच्या वयाचा झालो आणि वाटतं, तुम्ही बिंदू शोधत होतात. जोडीदार जिवंत असेल तर त्याच्या अंगणातही हाच चंद्र, अर्ध्या घटकेच्या अंतरानं. त्याचीही मान वर. तो दिशा धरून बसलेला. तुम्ही उंची.

मधे सीमा. तिच्यावरून विमानं.

तुमच्या पलटणीचा इतिहास मला लिहायचा होता. हे वाक्य मी पंचवीस वर्षं बोलतो आहे. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्राण सोडला. गावोगावच्या माळ्यांवरून, उंदरांच्या तोंडून त्यांनी जुनी दप्तरं सोडवून आणली होती. अठराव्या शतकातला स्वार कोणत्या मुक्कामी होता, दाणागोट्याला किती लागलं, ते आपल्याला वाचता येतं. आणि माझ्याच घरातला माणूस, माझ्याच खाटेच्या शेजारच्या खाटेवर झोपलेला, त्याचा मला बॅटरीचा नंबर सांगता येत नाही.

३ डिसेंबर. जळगावात बहिणाबाई गेल्या तीही हीच तारीख, १९५१ ची. त्यांना लिहिता येत नव्हतं; पण घरात लेक होता, सोपानदेव, आणि ओव्या कागदावर आल्या. तुमच्या घरात मी होतो. वही होती. पेन्सिल होती. मी त्या पेन्सिलीनं विमानं काढत बसलो.

तुम्ही १९८९ च्या पौषात गेलात.

त्याच वर्षी देवळालीची विमानवेधी शाळा ओरिसात गोपाळपूरला हलली होती, समुद्राकाठी. पुढे १० जानेवारी १९९४ ला विमानवेधी दळ तोफखान्यापासून वेगळं झालं, स्वतःच्या नावाचं झालं. तुम्हाला हे सांगायला हवं होतं. कोणत्या कानात सांगितलं असतं?

देवळाली-भुसावळ पॅसेंजरनं मी कितीदा गेलो. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. खिडकीत थंडी, बाहेर कापूस, कापसावर तेच चांदणं. देवळालीच्या माळावर एके काळी तुमच्या जातीच्या तोफा आभाळाकडे तोंड करून असत. माळ आहे. आभाळ आहे.

परवा एका छावणीच्या दाराशी ती पाहिली. चुन्यानं रंगवलेल्या विटांच्या गोलात, हिरव्या रंगाचे थरावर थर दिलेली, जुनी बोफोर्स. नळी एका कोनात जखडलेली. पहारेकऱ्याला विचारून जवळ गेलो. दुपार होती. लोखंड तापलेलं.

दोन्ही आसनं मोकळी.

कोणतं उंचीचं, मला ओळखता येईना. आधी एकापाशी उभा राहिलो, मग दुसऱ्यापाशी. हँडलला हात लावला. तुमच्या हातासारखा गोल फेरा घेऊन पाहिला, सावकाश, थांबत.

हँडल गंजलं होतं. फिरलं नाही.