कोडच्या आधीची ओळ

“उन्हाळी लागलीया” एवढं सांगून पेशंट गप्प होतो. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे पाळी काढणाऱ्याला कारण ठाऊक असतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघतं: घाम गेला, पाणी कमी पडलं, लघवी पिवळीजर्द होऊन जळजळली. पण मूत्राशय सुजलं तरी अशीच जळजळ होते, मूत्रमार्ग सुजला तरी होते, परम्यात, म्हणजे गोनोरियातही होते. कोल्हापुरात मेडिकल कोडिंग करताना मला पेशंट दिसत नाही, दिसते केसपेपरवरची डॉक्टरांची ओळ. तिथे नुसतं ‘यूटीआय’ असलं की एन ३९.० एवढाच कोड हाती उरतो. संसर्ग आहे, जागा सांगितलेली नाही.

आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, आयसीडी-१० मध्ये, मूत्रमार्गदाह एन ३४ मध्ये येतो. साधं ‘युरेथ्रायटिस’ लिहिलं तर एन ३४.२, ‘नॉन-गोनोकोकल’ लिहिलं तर एन ३४.१. गोनोरिया सिद्ध झाला की प्रकरणच बदलतं, ए ५४. क्लॅमिडियासाठी ए ५६. एका शब्दाने माणूस मूत्रविकारांतून लैंगिक संसर्गांत जातो, म्हणून तो शब्द मी औषधांवरून ओळखत नाही. लैंगिक संसर्गांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातलं राखाडी किट, १ ग्रॅम अझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्सिम, लक्षणं पाहूनच देतात. कारण रिपोर्टसाठी पेशंटला परत पाठवलं तर तो पुन्हा येईलच असं नाही. ते किट गोनोरिया आणि क्लॅमिडिया दोन्हींना पुरतं, त्यामुळे त्यावरून एकही सिद्ध होत नाही.

सर्वांत जास्त अडतं ते नमुन्यापाशी. मूत्राशयाच्या संसर्गासाठी मधल्या धारेची लघवी घेतात. मूत्रमार्गासाठी ती उपयोगाची नाही, कारण तिथला पू पहिल्या धारेबरोबरच वाहून गेलेला असतो. त्यासाठी तासभर तरी लघवी न करता थांबायचं आणि सुरुवातीचीच लघवी बाटलीत घ्यायची. स्राव असेल तर काचपट्टीवर ग्रॅम स्टेन: पांढऱ्या पेशींच्या पोटात जोडीजोडीने लाल दिसणारे गोनोरियाचे जिवाणू. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसरने वर्णिलेले हेच ते. क्लॅमिडिया मात्र पेशीच्या आतच वाढतो, साध्या कल्चरवर येत नाही. म्हणून ‘वाढ नाही’ हा रिपोर्ट पाहून ‘संसर्ग नाही’ लिहिलेली फाइल आली की मी ती पुढे ढकलत नाही. डॉक्टरांना चिठ्ठी जाते: नमुना कोणता होता, स्राव होता का, निदान पक्कं की संशय? उत्तर मात्र मी सुचवत नाही. ओपीडीत संशयच असेल तर जळजळीला आर ३०.०, स्रावाला आर ३६. एवढं पुरेसं आणि खरं असतं.

“घरात कळायला नको, साधी यूटीआय लिवा की साहेब,” असं डॉक्टरांना सांगणारे पुष्कळ. भीती खरी आहे. मेहुणा बाकावर शेजारी बसलेला असताना कुणी काय बोलणार? त्यावर उपाय पडदा आणि वेगळी खोली, खोटं निदान नव्हे. गोनोरिया नीट नोंदला गेला तर जोडीदारालाही बोलावून औषध देता येतं. क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. आतल्या आत गर्भनलिकांना इजा होऊ शकते आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. राधानगरीकडच्या गावात राहिलेल्या बायकोचा केसपेपर निघालेलाच नसतो. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता नवऱ्याच्या केसपेपरवरूनच जातो.