बिनपगारी गुमास्ता

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या बोलीत 'थ्रेड' असा एक शब्द आहे. थ्रेड म्हणजे धागा, असे कोश सांगतो. पण त्याचे काम पाहता त्याला गुमास्ताच म्हणावे. हा शोध मला लागला सापगावी, भातगिरणीच्या ओसरीवर.

शहापूरजवळ भातसेच्या काठी हे गाव. तिथे आमच्या दादांची गिरणी आहे. भाच्याने त्यांच्या हिशेबासाठी जावा भाषेत आज्ञावली लिहून दिली होती. चालायची झकास, पण 'ताळेबंद'चे बटण दाबले की पडदा असा गोठायचा, की दादा दहा वेळा तेच बटण दाबत आणि शेवटी वीजच बंद करीत. एकदा दिवसभराच्या नोंदी त्यात गेल्या. "यंदा लक्ष्मीपूजनाला चोपडीच मांडायची!" त्यांनी जाहीर केले.

भाचा दिवाळीला आला तेव्हा प्रकरण उलगडले. खिडकी रंगविणारा, बटणाची हाक ऐकणारा आणि बेरजा करणारा गुमास्ता एकच! तो बेरजांत गुंतला की गिऱ्हाइकाला ओ कोण देणार? बेरजांना दुसरा थ्रेड हवा. जावात 'थ्रेड'चा वर्ग, म्हणजे साचा, तयारच असतो. त्याचा उपवर्ग करायचा, 'रन'मध्ये काम लिहायचे आणि 'स्टार्ट' म्हणायचे. गंमत अशी, की 'स्टार्ट'ऐवजी थेट 'रन' म्हटले तर नवा गुमास्ता येतच नाही. जुनाच राबतो आणि पडदा पुन्हा गोठतो.

"पण मामा, उपवर्ग नकोच," भाचा म्हणाला. "बेरजेसाठी निराळा गुमास्ता कशाला घडवायचा? कामाची चिठ्ठी लिहून साध्याच्याच हाती द्यावी." या चिठ्ठीला 'रनेबल' म्हणतात. मला हे पटले. शिवाय जावात वर्गाला जनक एकच. तो मान थ्रेडला दिला की दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

मागच्या गुमास्त्याने पडद्याला मात्र हात लावायचा नाही. 'इन्व्होकलेटर' म्हणून पुढच्याकडे आकडे पाठवायचे; तिथेही चिठ्ठीच!

दुरुस्ती झाल्यावर दादांनी ताळेबंद सुरू केला आणि मुद्दाम 'थांबवा' दाबले. क्षणभर काहीच नाही.

"अरे, हा ऐकत नाही!"

"ऐकतो मोठे मामा, पण हातातली बेरीज पुरी करून."

थ्रेडला बखोटीला धरून उठविणारी 'स्टॉप' ही आज्ञा जावाने १९९८ च्या आवृत्तीपासून त्याज्य ठरविली. मागे अर्धवट आकडे राहण्याचे भय असते ना! आपण सूचना द्यायची, थांबायचे त्याने.

दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चोपडीशेजारी थोडी जागा करा रे."