विद्येला जागा हवी

गरीब विद्यार्थ्याला काय हवे असते, असे विचारले असता पुष्कळ सज्जन फीचा आणि पुस्तकांचा निर्देश करतात, आणि तो यथार्थही आहे. परंतु गिरणगावातील ज्या एका खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो, तेथे राहून जमाखर्च आणि टंकलेखन ही पोटापाण्याची दोन कौशल्ये जवळजवळ विनाखर्च हस्तगत केलेल्या मला सर्वांत अधिक ऋण वाटते ते एका मेजाचे, त्यावरील दिव्याचे आणि माझे काम तपासून देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे. पुस्तक उसने मिळते, फी माफ होते. पण रात्री दोन तास कोणी उठवणार नाही अशी बैठक कोणत्याही चाळकऱ्याच्या एकट्याच्या ऐपतीतली गोष्ट नसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील साचेखात्यात होते. मी नुकताच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. संप महिन्याभरात मिटेल, मग दिवाळीपर्यंत मिटेल, असे म्हणता म्हणता तो कधी रीतसर मागे घेतल्याचे जाहीर न होताच विरून गेला, आणि वडिलांची नोकरीही त्याबरोबर गेली. मी दिवसा मशीद बंदरातील एका कागदाच्या गोदामात गठ्ठे मोजण्याचे काम करू लागलो. त्या पगारात धान्य येई. पुढचे शिक्षण येत नसे. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत मात्र दोनच अटी पुनःपुन्हा दिसत: मराठी टंकलेखनाची गती दर मिनिटास ३० शब्द, आणि जमाखर्चाचे ज्ञान.

आमच्या वस्तीत कामगार कल्याण मंडळाचे एक केंद्र होते. सारे त्याला ‘वेल्फेअर सेंटर’ म्हणत. तेथे शिशुमंदिर होते, शिवणवर्ग होता, छोटे ग्रंथालय होते, आणि वरच्या मजल्यावर लांबच लांब मेजे मांडलेली अभ्यासिका होती. ही केंद्रे ज्या निधीवर चालतात, तो १९५३ च्या कायद्याने निर्माण झाला, आणि त्या निधीत कामगारांच्या, मालकांच्या व सरकारच्या वर्गणीबरोबरच कामगारांकडून वसूल झालेल्या दंडाची रक्कम आणि मुदतीत कोणी न नेलेला पगारही जमा होतो, हे मला पुढे कायद्याचे पुस्तक चाळताना समजले. कोणा अज्ञात साचेवाल्याचा गावी गेल्यामुळे राहून गेलेला पगार माझ्या अभ्यासाच्या दिव्यात आला असेल, ह्या विचाराने मी त्या दिवशी फार वेळ स्तब्ध बसून होतो. कामगारांना शिकवण्याची ही परंपरा त्या कायद्याहूनही जुनी आहे. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात रात्रशाळा काढली होती, आणि ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने तर मुंबईच्या कामगारवस्तीतच रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. आमच्या आधीच्या कित्येक पिढ्या त्या दिव्यांखाली अक्षरे गिरवून गेल्या आहेत.

आईने त्याच केंद्राच्या शिवणवर्गात नाव घातले. आधी जुन्या वर्तमानपत्रावर बेतणी करायची, ती बाईंना पटली म्हणजे मगच कापडाला कातर लावायची, असा तेथे दंडक होता. त्यामुळे झबले, पोलके, परकर इतके शिकेपर्यंत कापडाची नासाडी अशी झालीच नाही. संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातील भाजीपाल्याचा खर्च तिच्या शिवणकामावर निघू लागला.

जमाखर्च मला शिकवला तो अण्णांनी. एका पेढीवर आयुष्यभर हिशेबनिशी करून ते निवृत्त झाले होते आणि रोज संध्याकाळी वर्तमानपत्रे वाचण्यासाठी केंद्रात येत. मी ग्रंथालयातून आणलेले पुस्तक घेऊन बसलो आहे असे पाहून ते एके दिवशी शेजारी येऊन बसले, आणि त्यानंतर आमच्यासारख्या चारपाच मुलांचा तेथे आपोआप वर्गच भरू लागला. रोजकीर्दीतून खतावणी कशी करावी, खतावणीवरून तेरीज कशी मांडावी, तेरजेवरून नफातोटापत्रक आणि ताळेबंद कसा सिद्ध होतो, हे सारे पुस्तकात होते आणि पुस्तक चांगलेही होते. परंतु पुस्तकात उदाहरणे असतात, पावत्या नसतात. अण्णा आपल्या घरातील विजेची, किराण्याची, डॉक्टरांची बिले एका पिशवीत भरून आणीत आणि ती मेजावर ओतून म्हणत, ‘‘लाव बरे हा एक महिना.’’ दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की आम्हा मुलांचे चेहरे उजळत. तेव्हा ते शांतपणे सांगत, ‘‘तेरीज जुळली ना? आता ती बाजूला ठेव आणि पावत्या काढ.’’ कारण कपाटासाठी दिलेली रक्कम माल खरेदीच्या खात्यावर पडली तरी तेरीज जुळते, एखादी पावती मुळीच चढवली नाही तरी जुळते, आणि सारख्याच रकमेच्या दोन चुका परस्परांविरुद्ध पडल्या तरीही जुळते. एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण ह्याच ठिकाणी आहे. त्याचे उत्तर त्याला स्वतःला बरोबर दिसते, आणि ज्या चुकीला ताळ्यात पकडता येत नाही ती दाखवण्यासाठी अनुभवी डोळा शेजारी असावा लागतो. अण्णांनी त्या डोळ्यांचा मोबदला कधी घेतला नाही. गुरुपौर्णिमेला आम्ही नेलेला नारळ तेवढा घेतला.

टंकलेखनाची गोष्ट निराळी होती, कारण तेथे यंत्राशिवाय गत्यंतर नव्हते. चाळीच्या तळमजल्यावर एक टंकलेखन वर्ग होता. संपकऱ्यांच्या मुलांना सकाळी वर्ग उघडण्यापूर्वी तासभर यंत्रावर विनामूल्य बसू द्यावे, अशी विनंती गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांनी चालकांना केली आणि त्यांनी ती तत्काळ मान्य केली. अट एवढीच की कागद आपला आणावा. माझ्या गोदामात पाठकोरे कागद रद्दीत निघत. ते मालकांच्या परवानगीने मी आम्हा सर्वांसाठी आणीत असे. मराठी यंत्रावर इंग्रजीहून निराळी शिस्त लागते. कळा मर्यादित, म्हणून ख, ध, भ, ण यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांनी पुरी होतात. ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, पण यंत्रावर ती आधी मारावी लागते. मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळांनी कॅरेज जागचे हलत नाही. म्हणजे शब्द बोटांपर्यंत पोहोचण्यापूर्वी मनात फोडून पुन्हा मांडावा लागतो. पखवाजाचे बोल जसे आधी तोंडाने पाठ करतात, तसे आम्ही जिन्यात बसून शब्द ठोक्याठोक्यांनी म्हणत असू, आणि मग मिळालेला तास वाया जात नसे. शासकीय परीक्षेची फी मात्र कोणत्याही मार्गाने माफ होणारी नव्हती; ती मंडळाने उत्सवाच्या शिलकेतून भरली आणि तसा खर्च आपल्या अहवालात छापला.

पुढे मला कामगारांच्या एका सहकारी पतपेढीत कारकुनाची जागा मिळाली आणि तेथूनच मी निवृत्त झालो.

आता गिरण्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या आहेत. ज्ञानाची उपलब्धता आमच्या काळाशी तुलना करता येणार नाही इतकी वाढली आहे. २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर मोठमोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम मोबाइलवर विनाशुल्क पाहता येतात, आणि जमाखर्च तर संगणकच लिहितो. ह्याचे मला मनापासून स्वागत वाटते. पण उरलेल्या चाळींतील खोल्या होत्या तेवढ्याच आहेत, आणि जिन्यात मोबाइल गुडघ्यावर धरून शिकणारी मुले मला येताजाता दिसतात. त्यांच्यापाशी धडे पुष्कळ आहेत. त्यांची तेरीज उलटून पावत्या मागणारे कोणी नाही. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी वस्तीतील महापालिकेच्या शाळेकडे संध्याकाळी सात ते दहा दोन वर्गखोल्या मिळाव्यात असा अर्ज दिला आहे. हिशेब, संगणक आणि इंग्रजी पत्रव्यवहार तपासून देण्यासाठी माणसे पाळीपाळीने बसतील, त्यांची यादी अर्जासोबत जोडली आहे. पहारेकऱ्याच्या जादा तासांचा पगार कोणत्या खात्यावर टाकावा, एवढा एकच मुद्दा शिल्लक आहे, आणि तो पगार गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीतून देण्यास आम्ही लेखी संमती कळवली आहे.