ऑटर नदी आणि आपला ओढा

महिनाभर पोस्ट नव्हती. लेकीकडं गेलो होतो, इंग्लंडला, एक्झेटरला. सगळे लंडनचे फोटो मागतायत, माझ्याकडं आहेत ते एका नदीचे.

नाव ऑटर, म्हणजे पाणमांजर. लांबी जेमतेम 32 किलोमीटर. ब्लॅकडाउन टेकड्यांत उगम, मग डेव्हनमधून हॉनिटन, ऑटरी सेंट मेरी करत बडली सॉल्टरटनला समुद्राला मिळते. आपल्याकडं हिला ओढाच म्हटलं असतं. माती तांबडी, काठ उभे कापलेले, त्यात पाकोळ्यांची बिळं. आणि आपल्या विहिरीवर बसतो ना, तोच छोटा निळा खंड्या!

काठानं गुलाबी फुलांचं रान माजलेलं. एक बोंड दाबलं, तर फट्‌दिशी फुटून बी उडालं. अरे, हा तर तेरडा! आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद. 1839 मध्ये बागेसाठी नेला, आता तिथलं मोठं तण झालाय. हिवाळ्यात मरतो, काठ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. लेक म्हणाली, "बाबा, गौरीला इथूनच न्यायचा का?"

पण मी दोन संध्याकाळी काठावर बसून राहिलो ते बीव्हरसाठी. डुकराच्या पिल्लाएवढा, चपट्या शेपटीचा प्राणी. दातानं झाडं पाडतो आणि लहान ओढ्यांवर फांद्या-चिखलाचे बांध घालतो. कातडीसाठी मारून मारून इंग्लंडातून 400 वर्षांपूर्वी संपवला होता. या नदीत तो पुन्हा पिल्लं देताना दिसला. सरकार आधी उचलून न्यायच्या बेतात होतं, पण 2015 ते 2020 अशी पाच वर्षं अभ्यास झाला आणि मग राहू दिला. ईस्ट बडली गावाच्या वरच्या अंगाला त्याच्या बांधांनी पुराचा जोर कमी झाला. काही शेतात पाणी साचून नुकसानही झालं, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता एक दिसला. नुसतं डोकं आणि मागं पाण्याची रेघ.

मुखाशी तर वेगळंच. सुमारे 200 वर्षांपूर्वी बांध घालून खाडीची जमीन कुरणाला काढली होती. 2023 मध्ये तो बांध मुद्दाम फोडला. भरतीचं पाणी आत येतं, चिखलावर पाणपक्षी चरतात.

ते बघताना माझा घसा कोरडा पडला. तीन वर्षांपूर्वी मीच जेसीबी लावून आपला ओढा सरळ केला होता. वाळुंज, करंज काढून टाकले, अर्धा एकर मिळवला. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत खालच्या बांधाची माती गेली ती गेलीच.

यंदा वरच्या वळणाला ओढ्याला जागा सोडतोय. धाकट्या भावाला पटलेलं नाही. त्याच्या वाटणीतलं पाव एकर जातंय. रविवारी बसणार आहोत दोघं.