दहापैकी एकाला तळाला ठेवा

शहाडला वाढलेल्या माणसाला स्पर्धेचं भय काय घालता? आसनगाव-टिटवाळ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये सकाळी पाय ठेवायला जागा मिळवणं, हेच आमचं प्रशिक्षण. त्यामुळे 2018 साली न्यू जर्सीत नोकरीला गेलो तेव्हा मी निर्धास्त होतो.

पण तिथली स्पर्धा वेगळीच निघाली. धक्का कुणी देत नव्हतं. सगळे हसून बोलत, ‘ग्रेट जॉब’ म्हणत. फक्त कामाचं काही विचारलं की उत्तर येई, ‘तिकीट टाक,’ म्हणजे सिस्टीमवर रीतसर विनंती नोंदव. आमच्या टीममधला एक तेलुगू सहकारी बिलिंगची जुनी प्रणाली कोळून प्यायला होता, पण ती कुणाला शिकवत नसे. एकदा जेवताना त्यानं कारण सांगितलं, “तुला शिकवलं तर तू वर जाशील. मग खाली कोण येणार?”

प्रश्न खरा होता. वर्षअखेरीस मॅनेजरला सगळ्यांची क्रमवारी लावावी लागे आणि टीम कितीही चांगली असली तरी कुणाला तरी तळाला ठेवावंच लागे. जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च यांनी ही पद्धत गाजवली: वरचे 20 टक्के, मधले 70, तळाचे 10, आणि तळाच्यांना नारळ. मायक्रोसॉफ्टनं असली क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. आमच्याकडे ती चालूच होती.

पुढे तोच सहकारी तळाला गेला. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. घराचा करार, मुलांची शाळा, सगळं त्यातच उरकायचं. तो गेल्यावर महिनाअखेरीला बिलिंग अडकलं, तेव्हा ते सोडवणारं कुणीच नव्हतं.

माझे बाबा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये स्पिनिंगला होते. ॲसिडच्या कुंडातून निघणारा धागा तुटला तर कसा धरायचा, हे त्यांना जुन्या कामगारानं शिकवलं आणि त्यांनी पुढच्याला. बढती ज्येष्ठतेवर मिळे, त्यामुळे शिकवल्यानं कुणाची भाकरी कमी होत नव्हती. नुसत्या ज्येष्ठतेवर बढती दिली की कामचुकारही पुढे सरकतो, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्याला अडाणी ठेवण्यात तिथे कुणाचा फायदा नसतो.

आता मी शहाडहून ऐरोलीला कामाला जातो. ‘अमेरिकन माणसं स्वार्थी असतात का?’ असं टीममधली मुलं विचारतात. मी सांगतो, माझा तिथला शेजारी न सांगता आमच्या दारातलाही बर्फ उपसायचा. माणसं तीच असतात, ऑफिसातलं गणित त्यांना तसं वागायला लावतं. म्हणून नोकरी घेताना पगाराबरोबर एवढं विचारून घ्या: सगळ्यांनी उत्तम काम केलं, तरी इथे कुणाला तळाला ठेवतात का? शेजारच्या टेबलावरचा माणूस तुम्हाला काही शिकवेल की नाही, ते त्या उत्तरावरून कळेल.