उरलेली माती

भूमिपूजनाच्या दिवशी कुदळीचा पहिला घाव मी घातला खरा. पण तो फोटोपुरता. खरे खणणे दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाले. सोलापूरच्या आमच्या गल्लीत जेसीबी शिरेना, म्हणून मुकादम आठ माणसे घेऊन आला. फक्कीने आखणी झाली, बारा खांबांचे बारा पांढरे चौकोन जमिनीवर उमटले, आणि घर झालेच असे मला वाटू लागले.

पण काळी माती मोठी लबाड. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातहातभर भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंती तिरक्या तडकतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचे, आणि निघालेली काळी माती परत पायात न भरता बाहेर नेऊन टाकायची. आमच्याकडे मुरूम चार फुटांवर लागला. खड्डा पाच फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल. म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. बारा खड्डे, बारा ब्रास! गणिताने मला शाळेत असा आनंद कधी दिला नव्हता.

तो फार टिकला नाही. मुकादमाने हिशेबाचा कागद पुढे केला. त्यात डंपरच्या पाच खेपा होत्या, दर खेपेला तीन ब्रास.

“मुकादम, खड्डे बारा ब्रासचे आणि माती पंधरा ब्रासची? वरचे तीन ब्रास कोणाच्या जमिनीतले?” मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावे तसे मी विचारले. सगळी माणसे ऐकत होती.

तो काही बोलला नाही. टिकाव घेऊन त्याने कुंपणाशी फूटभर खड्डा खणला आणि घमेले माझ्या हाती दिले. “आता हीच माती हितं भरा, सर.”

मी भरली. खड्डा काठोकाठ भरला, आणि घमेलेभर माती उरली. वर्षानुवर्षे दाबून बसलेली माती एकदा मोकळी झाली की ढेकळांच्या मधे हवा शिरते; मग ती पहिल्या जागेत मावत नाही.

“बसलेली माती येगळी, उठलेली येगळी,” एवढेच तो म्हणाला.

रात्री सौ.ने तो कागद वाचला. “अहो, डंपर दुसऱ्याचा आहे. याने स्वतःची खोदाईची मजुरी बाराच ब्रासची लावली आहे. फसवायचे असते तर तिथेही पंधरा लिहिले नसते का?”

ती ओळ मी पाहिलीच नव्हती.

सकाळी सगळ्यांदेखत माफी मागायची, असे ठरवून गेलो. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी, पण तोंडातून निघाले, “मुकादम, चहा घेणार ना?”

त्याने बशीत चहा ओतला, फुंकून घेतला. “मुरूम झ्याक लागलाय, सर,” म्हणाला आणि कपबशी माझ्या हाती देऊन खड्ड्यात उतरला.