भाड्याचं घर, तळ्याकाठचं

मंडळी, आमच्या पिढीत "भाड्याचं घर" हे शब्द जरा खालच्या आवाजात बोलायचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही सहा भाड्याची बिऱ्हाडं केली. भिंतीला खिळा मारायचा तरी मालकीणबाईंना विचारायचं. त्यामुळे लेक फोनवर म्हणाला, "आई, तू जूनमध्ये आलीस की विंडरमियरच्या काठी एक जुनं घर आठवडाभर भाड्याने घेऊ," तेव्हा मी म्हटलं, "लीड्सला स्वतःचं घर असताना भाड्याच्या घरात कशाला जायचं?"

पण गेलो. तो, सूनबाई, दोन नातवंडं, सुनेची बहीण आणि तिचे यजमान. भाड्याचा आकडा मला कोणी सांगेना. शेवटी धाकट्या नातवाकडून काढून घेतला आणि मग दोन दिवस गप्प बसले.

विंडरमियर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं तळं, लांबी साधारण १७ किलोमीटर. 'मियर' म्हणजेच तळं; म्हणून "लेक विंडरमियर" म्हणणं म्हणजे आपलं "पिवळा पीतांबर"! (मास्तरणीची खोड, जात नाही.) १८४७ साली तिथे रेल्वे आली. येऊ नये म्हणून कवी वर्ड्सवर्थने बराच विरोध केला होता. पण गाडी आली, आणि तिच्यामागून मँचेस्टर-लँकेशायरकडचे गिरणीवाले आणि व्यापारीही आले. त्यांनी तळ्याकाठी उन्हाळ्यासाठी मोठमोठी घरं बांधली. आमचं घर त्यांतलंच एक. आता त्याचे भाग पाडले आहेत आणि एकेक भाग आठवड्याच्या बोलीने देतात.

छपराला पाटीचा दगड. होय, आपण ज्या पाटीवर अ-आ-ई गिरवलं तोच, फक्त हिरवट झाक असलेला. कुंपणाला चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले. मी सुनेला म्हटलं, "अगं, हा तर गडगा! आमच्या कोकणात घरोघरी आहे." खिडकीत बसायला लाकडी बाक, समोर तळं, आणि रात्री दहा वाजेपर्यंत उजेड. पायऱ्या कुरकुरायच्या, नळाला गरम पाणी यायला वेळ लागायचा, पण घर जितंजागतं होतं.

टेबलावर एक जाड वही होती. आधी राहून गेलेल्यांनी लिहिलेली. कोणती खिडकी अडकते, लाकडं कुठे ठेवली आहेत, पाऊस लागला तर मुलांना कुठे न्यावं. एक कुटुंब दर दोन-तीन वर्षांनी येत होतं. आधी मुलं रांगत होती, शेवटच्या नोंदीत ती स्वतः गाडी चालवत आली होती. मालकीचा कागद एकाचाही नाही, पण घराची काळजी मात्र प्रत्येक पानावर.

तिथेच बिआट्रिक्स पॉटरची गोष्ट नीट कळली. पीटर रॅबिटवाली. तिचे आजोबा छिटाचं कापड छापणारे मोठे कारखानदार. (त्या कापडाला इंग्रजीत कॅलिको म्हणतात, ते आपल्या कालिकतवरून.) घरचे लंडनचे, उन्हाळ्यात मोठं घर भाड्याने घेऊन राहायचे. १८८२ साली त्यांनी विंडरमियरकाठचा रे कासल घेतला. त्याच उन्हाळ्यात पोरीला सोळा वर्षं पूर्ण झाली. तिथले धर्मगुरू हार्डविक रॉन्स्ली यांच्याशी ओळख झाली. पुढे १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक. नंतर १८८५ ते १९०७ या काळात हे कुटुंब बरेच उन्हाळे डरवेंटवॉटर तळ्याकाठी लिंगहोम या घरात भाड्याने राहिलं, आणि तिथली झाडं, खारी, बेटं तिच्या पुस्तकांत उतरली. १९०५ मध्ये तिने जवळच्याच सॉरी गावात हिल टॉप हे शेत विकत घेतलं. पुढे घेत गेली, मेंढ्या पाळल्या आणि १९४३ मध्ये गेली तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली.

म्हणजे बघा, तो मुलूख राखणाऱ्यांत ही एक, आणि ती आली होती भाडेकरूची मुलगी म्हणून.

लेकाने आणखी एक सांगितलं. लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था १९६५ पासून पडायला आलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करते आणि सुट्टीसाठी भाड्याने देते. अशा सुमारे २०० वास्तू आहेत. येणाऱ्या भाड्यातून डागडुजी होते. टीव्ही नाही, पण वही मात्र असते!

आता मूळ मुद्दा. हे माझ्या दिरांनी, जावांनी आणि पुतण्यांनी जरा सावकाश वाचावं.

आपलं गावचं घर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, गणपतीचे पाच दिवस सोडले तर कुलूप. गेल्या खेपेला माजघराच्या वाशाला वाळवी दिसली. पूर्वी चूल पेटायची, धुराने वासे टिकायचे. आता वानरांनी कौल सरकवलं तर पाऊस आत येतो आणि कळतं ते पुढच्या भाद्रपदात. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या माजघरात परक्याची वळकटी पडायची नाही." त्यांचं खरंच होतं, तेव्हा घरात बावीस माणसं जेवत होती, परक्याला जागाच कुठे होती? आज आपल्याच वळकट्या तिथे पडत नाहीत.

गिऱ्हाईक आलंय, भाव बरा आहे, हे मला ठाऊक आहे. हे गेल्यापासून त्यांचा वाटा माझ्या नावावर आहे, तेव्हा माझी सही लागेल. सही देणारच नाही असं मी म्हणत नाही. फक्त दोन वर्षं मागते. कौलं आणि वासे यांचा पहिला खर्च मी माझ्या पेन्शनीतून करते. देवघराला कुलूप राहील, बाकीचं घर येणाऱ्यांना आठवड्याने द्यायचं. शेजारची सून झाडलोट आणि जेवणाचं बघायला तयार आहे. तिला रीतसर पगार. निवास-न्याहारी योजना आहे, तिची चौकशी पुतण्याने करावी. गणपतीचे दिवस आपलेच, त्यात हात लावायचा नाही. दोन वर्षांत घराचा खर्च घराने काढला नाही, तर कागद आणा, मी सही करते.

दिवाळीत सगळे भेटतो आहोत. येताना मत पक्कं करून या. आणि हो, एक दोनशे पानी जाड वही मी आत्ताच आणून ठेवली आहे.